कॉकवरची लाल खूण

माझ्या थोरल्या भावाला अख्खा परिसर 'टाकीवाले काका' म्हणून ओळखतो, आणि त्यामुळे वर्षातून दोन-तीनदा तरी कोणीतरी त्याला गच्चीवरची पाण्याची टाकी धुवायला बोलावतं. एकदा तर तो खरंच गेला. त्या घरमालकीणबाई इतक्या काकुळतीला येऊन बोलल्या म्हणे, की 'मी तो टाकीवाला नव्हे' हे सांगायला याची जीभच उचलेना. दोन तास घासून, पँटला गुडघ्यापर्यंत शेवाळ फासून घरी आला आणि वर मला सांगतो, "गोड्या पाण्याचं काम सोपं असतं गं. मीठ मोजावं लागत नाही."

दादाचं काम खाऱ्या पाण्याचं. समुद्रातले मासे आणि प्रवाळ काचेच्या टाकीत जिवंत ठेवायचे. दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना, एक हॉटेल, एका वकिलांचं ऑफिस, काही बंगले, अशी त्याची आठ ठिकाणं आहेत. दोन बादल्या, एक रबरी नळी आणि मिठाची पिशवी घेऊन प्रत्येक ठिकाणी आठवड्याला एक फेरी. समुद्र आमच्यापासून इतका लांब आहे, की दादाने तो आयुष्यात चारदा पाहिला असेल. पण बादलीत मीठ कालवून बोट बुडवून चाखलं की तो सांगतो, "अजून एक मूठ हवं." मग उपकरणाने मोजतो. मूठभरच कमी निघतं.

मी त्याच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसून लोकांना 'पुढच्या खिडकीवर जा' सांगितलं, आता निवृत्त आहे. लग्न केलं नाही. कारणं बरीच आहेत, त्यातलं एक माझी जीभ, असं दादा म्हणतो. वहिनी गेली तेव्हा दादाची मुलगी आठ वर्षांची होती. तिला आम्ही दोघांनी मिळून वाढवलं. म्हणजे त्याने लाड केले आणि मी ओरडले.

तिला सगळे भिंगरी म्हणायचे. एका जागी दोन मिनिटं बसली तर हिला ताप आलाय असं समजायचं. जेवताना उभी, अभ्यास करताना चालत, झोपेत सुद्धा गादीवरून खाली. फक्त एका जागी ती मांडी घालून तासन्‌तास बसायची. दादाच्या घरच्या टाकीसमोर. त्यातही माशांकडे बघत नव्हे, तर टाकीखालच्या कपाटाचं दार उघडून आतल्या नळकांड्याकडे.

हे नळकांडं पारदर्शक, पाण्याच्या मोठ्या बाटलीएवढं. विकणारे त्याला रिअ‍ॅक्टर म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, "अरे, घरात बॉम्ब करतोस की काय?" पण त्यात अणूबिणू काही नसतं. गंजाच्या रंगाचे, मोहरीएवढे दाणे असतात. माशांना घातलेलं खाणं आणि माशांची घाण पाण्यात विरघळून त्यातून फॉस्फेट तयार होतं. ते वाढलं की शेवाळ माजतं आणि प्रवाळ मलूल होतं. हे दाणे ते फॉस्फेट शोषून घेतात. पंप पाणी खालून ढकलतो, ते दाण्यांमधून वर चढतं आणि टाकीत परत जातं. ऐकायला एवढंच आहे, पण त्या एवढ्यातच दादाचं सगळं कसब आहे.

कारण पाणी जोरात सोडलं तर दाणे एकमेकांवर घासतात, त्यांचा भुगा होतो आणि टाकीत विटकरी धुरळा पसरतो. हळू सोडलं तर ते खाली बसतात, एकमेकांना चिकटतात, त्यांचा दगड होतो. मग पाणी कडेकडेने आपली एक वाट काढतं आणि बाकीचे दाणे नुसते शोभेला उरतात. बरोबर वेग म्हणजे फक्त वरचा बोटभर थर हलला पाहिजे. मंद आचेवर शिजणारे तांदूळ कसे हळूच उठतात आणि हळूच बसतात, तसा. हा वेग नळीवरचा कॉक फिरवून ठरवायचा. पण किती फिरवायचा याला माप नाही. पंप थकत जातो, नळकांड्यातला स्पंज तुंबतो, दाणे जुने होतात. म्हणून दादा प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच वाक्य ऐकवतो, "दाणे बघा, कॉक बघू नका."

भिंगरी हे बाराव्या वर्षी शिकली, आणि खरं सांगते, दादापेक्षा बरं शिकली. दादाचा हात जड. तो कॉक फिरवणार, थांबणार, परत उलटा फिरवणार. ती दोन बोटांनी नुसता धक्का दिल्यासारखं करायची आणि दाणे नाचायला लागायचे. तिचा शब्द तो, नाचतात. दादा तिच्याकडे असा बघायचा की मला उठून चहा टाकायला जावं लागायचं. डोळ्यांत पाणी आणणारं कौतुक मला बघवत नाही.

पंधराव्या वाढदिवसाला तिने कपडे मागितले नाहीत. हॉटेलच्या टाकीतल्या प्रवाळाचा अंगठ्याएवढा तुकडा मागितला. दादाने तो कापून आणला, एका दगडाला गोंदाने चिकटवला आणि टाकीत मधोमध ठेवला. दिवा लागला की त्यातून हिरव्या टोकांची बोटं बाहेर यायची आणि पाण्याबरोबर डुलायची. मी त्याला 'भिंगरीचं झाड' म्हणायला लागले. "आत्या, ते झाड नाही, प्राणी आहे," ती मला शंभरदा म्हणाली असेल. "मग मांजरासारखी एखादी हाक तरी मारायला सांग त्याला," मी म्हणायचे. चार-पाच वर्षांत ते फुलकोबीच्या गड्ड्याएवढं झालं.

मग ती पाण्याचं आणि माशांचंच शिकली, आणि तिला दूर देशातल्या एका मोठ्या मत्स्यालयात नोकरी लागली. तिथल्या टाक्या दोन मजली उंच, नळकांडी माणसाएवढी. कॉक तिथे म्हणे कॉम्प्युटर फिरवतो. दादाला हे सांगताना तिला जरा लाज वाटत होती.

ती निघाली तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण मी सकाळपासून पासपोर्टच्या नावाने ओरडत होते. खाली टॅक्सी उभी, सामान जिन्यात, आणि ही बया कपाटासमोर उकिडवी बसलेली. हातात नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली. दाण्यांकडे बघत तिने कॉक फिरवला, मग ब्रशने कॉकवर एक रेघ ओढली आणि तिच्या समोर नळीवर एक. दोन्ही रेघा एका ओळीत. "बाबा, इथं ठेव, म्हणजे बरोबर नाचतात," म्हणाली आणि जिना उतरून पळाली. बाटली तशीच उघडी राहिली होती. झाकण मी लावलं.

याला सात वर्षं झाली.

दोन वर्षांनी येणार होती, मग तीन वर्षांनी. कधी सुट्टी नाही मिळाली, कधी नवीन टाकी बांधायला घेतली, कधी कुठला तरी शार्क आजारी पडला. मी फोनवर तिच्याशी भांडले. "शार्कला बाप नाही का? त्याला सांग बघायला," असंही म्हटलं. दादा कधी भांडला नाही. "कामात आहे पोर," एवढंच. पण पेपर टाकायला येणाऱ्या माणसाला सुद्धा तो उभ्या उभ्या तिच्या गावाचं हवामान सांगायचा. आज तिकडे धुकं आहे, उद्या पाऊस आहे. तो बिचारा मान डोलवायचा आणि पुढच्या दाराकडे सटकायचा. दादाला पोरीची ओढ लागली होती, आणि ते सरळ म्हणायची त्याला लाज वाटायची, म्हणून तो पावसाबद्दल बोलायचा.

या वर्षी तिचा फोन आला. येतेय. आठ दिवस. महिन्याभराने. दादाने त्याच दिवशी नवीन चादर आणली, टाकीची काच तीनदा पुसली आणि मग दिवसभर एकही वाक्य धड बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला फोन केला. "आत्या, माझं प्रवाळ काय फुललंय गं! बाबाने रविवारी फोटो पाठवला. आल्या आल्या आधी त्याच्यापुढे बसणार आहे."

मी म्हटलं हो हो, बस. आणि सहज वर बघायला गेले.

दादाच्या घरी मी रोज जाते, पण टाकीकडे कधी नीट बघत नाही. माझं लक्ष फरशीवर. त्या दिवशी चष्मा लावून बघितलं. प्रवाळ निम्म्यावर आलं होतं. हिरवी टोकं तपकिरी पडलेली, आत ओढून घेतलेली. एका बाजूला तर मांस जाऊन पांढरा सांगाडा उघडा पडला होता. बाजूच्या दगडांवर शेवाळाचे केस वाढले होते. इतरांच्या टाक्या आरशासारख्या ठेवणारा माणूस, आणि त्याच्या घरची ही दशा.

"हे काय रे?"

"जरा मलूल आहे," दादा म्हणाला.

"जरा? आणि तिला फोटो कसला पाठवलास?"

त्याने फोन पुढे केला. तीन वर्षांपूर्वीचे फोटो, एकाखाली एक, सगळे जपून ठेवलेले. दर रविवारी त्यातला एक काढून पाठवायचा. मी तोंड उघडलं. एकतीस वर्षं लोकांना फैलावर घेणारी मी, आणि फोन नुसता त्याच्या हातात परत ठेवला. तिसऱ्या दिवशी भिंगरीचा पुन्हा फोन आला. "आत्या, खरंच छान आहे ना प्रवाळ?" आणि मी म्हटलं, "छान आहे." ते बोलल्यावर मला दोन दिवस घास गोड लागला नाही.

आता महिना उरला होता. त्या महिन्यात ते प्रवाळ जगतं की जातं, एवढाच प्रश्न होता, आणि दादा त्याबद्दल काही बोलायला तयार नव्हता.

त्याच आठवड्यात त्याचं मनगट मुरगळलं. दातांच्या डॉक्टरांकडे बादली उचलायला मी बरोबर गेले. तिथल्या रिसेप्शनवरच्या बाई हौशी आहेत, दादाने शिकवल्यापासून नळकांड्यावर त्याच नजर ठेवतात. कपाट उघडलं तर दाणे तळाशी घट्ट बसलेले. कॉकवर आणि नळीवर पेनाने खूण.

"ही कधी केलीत?" दादाने विचारलं.

"मागे तुम्ही लावून दिलंत ना, तेव्हा. म्हटलं विसरायला नको. तेव्हापासून एक केसभर सुद्धा हलवला नाही बघा!" बाई अभिमानाने म्हणाल्या.

"तीच चूक झाली, ताई." दादा हसला. "तेव्हाचा पंपाचा जोर आज राहत नाही. खूण विसरा. दाणे बघा, कॉक बघू नका." आणि ओल्या फडक्याने त्याने ती खूण पुसून टाकली. बाईंना कॉक फिरवायला लावला. दाणे सुटले, उठले, त्या टाळी वाजवून हसल्या. दादा पण खूश. मी बादली धरून उभी होते आणि मला काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळत नव्हतं.

घरी आल्यावर कळलं. मी दादाच्या टाकीखालचं कपाट उघडलं आणि गुडघ्यांना शिव्या देत खाली बसले. नळकांड्यात एक दाणा हलत नव्हता. कडेने पाण्याची एक बारीक धार वर चढत होती. आणि कॉकवर, नळीवर, एका ओळीत, लाल रेघा.

"दादा, तुझे दाणे झोपलेत."

"खुणेवर आहे तो," तो पाठमोराच म्हणाला.

"आत्ता एका बाईची खूण पुसून आलास ना? अर्धा तास नाही झाला!"

तो आत गेला. स्वयंपाकघरातून एक जुना डबा घेऊन आला आणि माझ्यापुढे ठेवला. आत विटकरी ढेकळं होती, दगडासारखी.

"दर महिन्याला नवीन दाणे घालतो," तो म्हणाला. "दर महिन्याला हाच दगड निघतो. चमच्याच्या दांड्याने फोडून काढावा लागतो."

"म्हणजे तुला माहीत आहे?"

"दोन वर्षं. पंप थकलाय."

"अरे मग फिरव की मेल्या!" मी हात पुढे केला, तर त्याने माझं मनगट धरलं, त्या मुरगळलेल्या हाताने.

"तिने लावलाय तो."

मी हात सोडवून घेतला.

"घरात तिचं काय राहिलंय सांग," दादा म्हणाला. "कपडे तू कोणाला देऊन टाकलेस. पुस्तकं गेली. खोलीत तुझं शिवणयंत्र आलं. तिच्या बोटांनी लावलेलं आणि अजून तसंच असलेलं एवढं एकच आहे. रोज सकाळी दार उघडतो आणि बघतो. वाटतं, आत्ताच लावून खाली गेलीय. हा फिरवला ना, की ती खरंच गेली."

मला आधी रडू आलं आणि मग दादाचा इतका राग आला, की मी ओरडले. "आणि ते वरचं मरतंय ते? ते कोणाचं आहे? तुझी पोर कॉक ठेवून गेली नाही, जीव ठेवून गेलीय तुझ्यापाशी! आणि तू एकटाच बाप असल्यासारखा काय वागतोस? मला नाही आठवण येत? तिच्या शाळेच्या डब्याचं झाकण अजून आहे माझ्याकडे. डबा हरवला, तरी झाकण ठेवलंय. पण म्हणून मी कोणाला उपाशी नाही मारलं!"

झाकणाचं त्याला माहीत नव्हतं. मी पण आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आम्ही दोघं म्हातारी भावंडं त्या उघड्या कपाटासमोर फरशीवर बसून राहिलो. आत पंपाची घरघर चालू होती.

मग दादा उठला. त्याने नळकांडं सोडवून आणलं, दगड फोडून काढला, स्पंज धुतला. नवीन दाणे बादलीत घेऊन पाणी स्वच्छ होईपर्यंत खळबळले. पण मापाच्या निम्मेच घातले. "एकदम सगळं शोषून घेतलं तर ते प्रवाळ धक्क्यानेच जाईल," म्हणाला, "उपाशी माणसाला एकदम ताट वाढत नाहीत." नळकांडं जागेवर बसवलं आणि कॉकवर हात ठेवला. आधी तो खुणेपर्यंत गेला. तिथे थांबला. मग पुढे फिरवला. लाल रेघा एकमेकींपासून सुटल्या, बोटभर लांब गेल्या, आणि दाण्यांचा वरचा थर उठला.

पुढच्या तीन-साडेतीन आठवड्यांत मी रोज सकाळी वर जायचे आणि फरशीआधी टाकीकडे बघायचे. पहिला आठवडा काही नाही. दुसऱ्या आठवड्यात शेवाळ विरळ झालं. दादाने दाणे थोडे वाढवले. ती यायच्या पाच दिवस आधी तपकिरी गोळ्यातून एक बोट बाहेर आलं, टोकाला पुसट हिरवं. मी दादाला हाक मारली ती अशी, की शेजारचे धावत आले. पांढरी पडलेली बाजू मात्र तशीच राहिली. "ती नाही आता यायची," दादा म्हणाला.

भिंगरी आली. केस आखूड, अंगाने थोडी भरलेली, बोलताना मध्येच तिकडचे शब्द. मला तिने अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकडा झाला. मग चपला सुद्धा न काढता टाकीपुढे जाऊन बसली. दादा माझ्या मागे उभा होता, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा.

तिने बराच वेळ बघितलं. उघडा सांगाडा, आणि त्याच्या शेजारी डुलणारी सात-आठ हिरवी बोटं.

"चूक माझी आहे," दादा म्हणाला. "फोटो जुने होते."

"माहीत आहे मला, बाबा."

"कसं?"

"मागे तो पिवळा मासा दिसतो ना फोटोत. तो मेला हे तूच मला सांगितलं होतंस. रडला होतास फोनवर." ती आमच्याकडे वळली. "दोन महिने तोच मेलेला मासा बघतेय. म्हटलं काहीतरी बिनसलंय, म्हणून साहेबांशी भांडून सुट्टी घेतली. मग आत्याला मुद्दाम फोन केला, ही तरी खरं बोलेल म्हणून. तर ही पण 'छान आहे'!"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आणि खरं सांगू, आनंदही झाला. खोटं बोलून का होईना, पोर घरी आली होती.

मग तिने कपाट उघडलं आणि मांडी घातली, तशीच, लहानपणासारखी. दाण्यांकडे बघत दोन बोटांनी कॉकला जरासा धक्का दिला. दाणे आणखी हलके झाले. तिने मान वाकडी करून कॉकवर बोट ठेवलं.

"बाबा, ही लाल खूण कसली रे?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं. त्याने मान हलवली, अगदी थोडी.

"काही नाही," तो म्हणाला. "जुनी आहे. काहीतरी लागलं असेल."

"बरं. आणि पंप बदल हं हा. अगदीच म्हातारा झालाय."

"हो," दादा म्हणाला. "झालाय खरा."

ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. दहादा शब्द ओठांवर आले. एकदा भांडी घासताना दादाला म्हटलं सुद्धा, "मी सांगणार तिला. सात वर्षं जपलंस, आणि तिला आठवत सुद्धा नाही!" तो म्हणाला, "नको. टॅक्सी खाली उभी होती, घाईत केलं तिने. धरून बसलो तो मी. आता तिला सांगून तिच्या जिवाला कशाला लावायचं?" आणि घासलेला पेला माझ्या हातून घेऊन पुसायला लागला.

तिने जुन्या पंपासारखाच, त्याच बनावटीचा नवा पंप मागवायला सांगितला होता. दुकानदाराने तो आणून दिला नेमका ती निघायच्या सकाळी. "मी गेल्यावर सावकाश लाव," म्हणाली. या वेळी पासपोर्ट तिच्या हातातच होता, त्यामुळे मला ओरडायला काही उरलं नव्हतं. टॅक्सी वळेपर्यंत दादा खाली उभा राहिला. वळल्यावरही उभा राहिला. मी त्याला दंडाला धरून वर आणलं.

दोन दिवस खोका तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर त्याने मला हाक मारली. कपाटात अंधार असतो, म्हणून मी बॅटरी धरली. दाणे आता पुन्हा पूर्ण मापाचे होते. पंप सुरू झाला आणि दाणे वेड्यासारखे उसळले. दादाने कॉक बंद करत आणला. त्याची नजर नळकांड्यावरून हलत नव्हती, माझीही नाही. अजून जोरात. अजून. आता खालचा थर बसला. आता मधला.

"बस," मी म्हणाले. मला पण कळायला लागलं होतं. वरचा बोटभर थर हळूच उठत होता, हळूच बसत होता.

दादाने हात काढला. मी बॅटरी बाजूला घेतली, तिचा उजेड कॉकवर पडला. एक लाल रेघ कॉकवर, एक नळीवर. दोन्ही एका ओळीत, मध्ये केसाइतकी फट नाही.

दादाने त्या रेघांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "बघितलंस? बरोबर लावला होता पोरीने." आणि तो रडला. वहिनी गेली तेव्हा सुद्धा माझ्यासमोर रडला नव्हता. मी बॅटरी विझवली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

"आता राहू दे इथंच," मी म्हटलं.

"छे. उद्या परत बघावं लागेल. पंप नवा आहे."

"मग फोटो तरी काढून पाठव तिला. सांग काय झालं ते."

त्याने फोन काढला. कॉकवर धरला, खुणेवर नेम धरला, आणि मग खाली घेतला. गुडघ्यावर हात टेकून उठला, टाकीपुढे गेला आणि प्रवाळाचा फोटो काढला, पांढऱ्या उघड्या बाजूसकट. पाठवला. खाली एकच शब्द लिहिला, 'आजचा'.